एफटीपी सोडून सुरक्षित मार्गाकडे: खान्देशातल्या पेढ्या, पतसंस्था आणि कारखान्यांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगावची दालमिल मुंबईच्या खरेदीदाराला दर आणि बिलं पाठवते, पतसंस्थेची शाखा रोज संध्याकाळी मुख्य कार्यालयाला दिवसाची फाइल देते, धुळ्याचा प्रिंटिंग प्रेस गिऱ्हाइकांकडून फ्लेक्सची डिझाइनं घेतो, शिरपूरची गिरणी हजेरीचा डेटा वर चढवते. यातलं बरंच काम दहा-पंधरा वर्षांपूर्वी कुणीतरी एफटीपीवर (फाइल ट्रान्सफर प्रोटोकॉल, एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर फाइल पाठवण्याची जुनी पद्धत) लावून दिलं आणि ते आजही तसंच चालू आहे. ते बदलताना जे प्रश्न हटकून येतात त्यांची उत्तरं इथे आहेत.

एफटीपी इतकी वर्षं बिनबोभाट चालतंय. मग आताच का बदलायचं?

एफटीपीचा पहिला मसुदा १९७१ मध्ये अभय भूषण यांनी लिहिला. ते आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीचे विद्यार्थी, तेव्हा अमेरिकेत एमआयटीमध्ये होते. आज वापरात असलेलं रूप ऑक्टोबर १९८५ चं आहे. तेव्हा जाळ्यावर मोजकी विद्यापीठं आणि संशोधन संस्था होत्या, सगळे एकमेकांना ओळखत. त्यामुळे यूझरनेम, पासवर्ड आणि फाइल, तिन्ही गोष्टी उघड्या मजकुरात जातील अशीच त्याची रचना झाली. त्या काळाला ते चुकीचंही नव्हतं.

आज मात्र तुमच्या टेबलापासून सर्व्हरपर्यंत वायफाय, केबलवाल्याचा स्विच, इंटरनेट कंपनीचं जाळं असे कितीतरी टप्पे आहेत. यातल्या कुठल्याही टप्प्यावर जाळ्यावरून जाणारा मजकूर दाखवणारं वायरशार्कसारखं फुकट मिळणारं साधन लावलं, तर 'यूझर' आणि 'पास' या दोन ओळींपुढे तुमचं नाव आणि पासवर्ड सरळ वाचता येतो. काही फोडावं लागत नाही. एकदा मिळालेला पासवर्ड वापरून आत येणारा माणूस लॉगमध्ये (सर्व्हरच्या नोंदवहीत) तुमच्याच नावाने दिसतो, म्हणून चोरी झाल्याचं महिनोन्‌महिने कळत नाही. 'बिनबोभाट' चालण्याचा अर्थ हाही असू शकतो.

शिवाय आधार सुटत चालला आहे. फायरफॉक्सने जुलै २०२१ मध्ये आणि क्रोमने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ब्राउझरमधलं एफटीपी पूर्ण काढून टाकलं. डेबियन या लिनक्सच्या प्रकाराने आपली सार्वजनिक एफटीपी सेवा १ नोव्हेंबर २०१७ लाच बंद केली. पूर्वी गिऱ्हाइकाला लिंक दिली की ब्राउझरमध्ये फाइल उघडायची, ती सोय तुमच्याकडे कधी आणि का बंद पडली याचं उत्तर यात आहे.

आमच्यासारख्या छोट्या पेढीच्या फायली कोण कशाला चोरेल?

तुमचं नाव पाहून कुणी येत नाही. इंटरनेटवरचे सगळे पत्ते एकामागून एक तपासणारे प्रोग्राम रात्रंदिवस फिरत असतात. पोर्ट २१ (पोर्ट म्हणजे सर्व्हरचं क्रमांकाचं दार, २१ हे एफटीपीचं) उघडं दिसलं की ते नेहमीचे पासवर्ड लावून पाहतात. त्यांच्या लेखी पारोळ्याची पतसंस्था आणि परदेशातली मोठी कंपनी सारखीच.

आणि डेटा छोटा नसतो. सभासदांचे आधार-पॅन, खातेक्रमांक, सराफाकडची गिऱ्हाइकांची यादी, पगारपत्रक, सीएकडे जाणारा ताळेबंद. केळीच्या पेढीचा रोजचा भाव आणि कुठल्या पार्टीला किती गाड्या गेल्या ही माहितीसुद्धा समोरच्या व्यापाऱ्यासाठी मोलाची असते.

आमच्याकडे एफटीपी वापरात आहे की नाही, हेच माहीत नाही. कसं शोधायचं?

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आणि लोक हीच गाळतात. एक वही घ्या आणि प्रत्येक फाइल कुठून निघते, कुठे जाते, कोण पाठवतं, किती वाजता, साधारण केवढी असते हे लिहा. एफटीपी बहुतेक वेळा पुढच्या ठिकाणी लपलेलं असतं:

- झेरॉक्स-स्कॅनर मशीन: 'स्कॅन टू एफटीपी' किंवा 'स्कॅन टू फोल्डर' नावाची सेटिंग.
- सीसीटीव्हीचा डीव्हीआर: हालचाल दिसली की फोटो चढवणारा पर्याय.
- भुईकाट्याचं सॉफ्टवेअर: वजनाच्या पावत्या कार्यालयात पाठवणारं.
- वेबसाइट: वेब डिझायनरने दिलेला फाइलझिला या एफटीपी प्रोग्रामचा पासवर्ड.
- विंडोजचा टास्क शेड्युलर: रात्री चालणारी, कुणाच्या लक्षात नसलेली बॅच फाइल.
- हजेरीचं थंब मशीन आणि त्याचं सर्व्हर सॉफ्टवेअर.

त्यानंतर राउटरच्या पानावर 'पोर्ट फॉरवर्डिंग' उघडा. तिथे २१ किंवा २० दिसलं, तर बाहेरच्या जगाला दार उघडं आहे. ४४५ दिसलं तर ते त्याच क्षणी बंद करा. ते विंडोजच्या फोल्डर शेअरिंगचं पोर्ट आहे. मे २०१७ मधला वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस याच सेवेच्या पहिल्या आवृत्तीतल्या चुकीवर स्वार होऊन पसरला होता. एफटीपी सर्व्हर कुठे चालू आहे हे सापडलं की त्याचा महिनाभराचा लॉग पाहा. वहीत नसलेली दोन-तीन नावं त्यात जवळजवळ नक्की निघतात.

एसएफटीपी आणि एफटीपीएस एकच ना?

नाही, आणि या गोंधळात बराच वेळ जातो. एफटीपीच्या जागी घेता येणारे हे दोन सुरक्षित मार्ग. एफटीपीएस म्हणजे जुनं एफटीपीच, वरून टीएलएसचं, म्हणजे मजकूर कूटबद्ध करणारं वेष्टन. एसएफटीपी वेगळ्या कुळातलं आहे. ते एसएसएच या दूरच्या कॉम्प्युटरशी कूटबद्ध जोडणी करणाऱ्या पद्धतीच्या आत चालतं, आणि एसएसएच १९९५ मध्ये फिनलंडच्या तातू इलोनेन यांनी बनवलं, तेही त्यांच्या विद्यापीठाच्या जाळ्यावर पासवर्ड चोरीला गेल्यानंतर.

व्यवहारात फरक पोर्टमध्ये जाणवतो. एसएफटीपीला एकच पोर्ट लागतं, २२. एफटीपीएस नियंत्रणासाठी २१ किंवा ९९० घेतं आणि प्रत्येक फाइलसाठी नवीन पोर्ट मागतं. साधं एफटीपी असताना फायरवॉल आतली बोलणी वाचून ते पोर्ट आपोआप उघडायचा. बोलणी कूटबद्ध झाली की त्याला काही दिसत नाही, म्हणून लॉगिन होतं पण फोल्डरची यादी येताना गाडी अडकते. उपाय असा: सर्व्हरवर पॅसिव्ह (म्हणजे फायलींसाठीच्या) पोर्टचा पट्टा ठरवून द्यायचा, समजा ५०००० ते ५०१००, तोच राउटरवर उघडायचा, आणि सर्व्हरला त्याचा बाहेरचा आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) सांगायचा. नाहीतर तो १९२.१६८ ने सुरू होणारा आतला पत्ता समोरच्याला देतो. भर म्हणून सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या प्रमाणपत्राची मुदत सांभाळावी लागते. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं नेहमीचं फुकट प्रमाणपत्र ९० दिवसांचं असतं.

आमचं स्पष्ट मत: निवड तुमच्या हातात असेल तर एसएफटीपी घ्या. एफटीपीएस फक्त समोरची बँक किंवा कंपनी तेच मागत असेल तेव्हा, आणि तेही टीएलएस १.२ किंवा १.३ वर. १.० आणि १.१ मार्च २०२१ मध्ये अधिकृतपणे मोडीत निघाले आहेत.

व्हॉट्सॲप किंवा ईमेलवर पाठवलं तर काय बिघडतं?

व्हॉट्सॲप वाटेत कूटबद्ध असतं, प्रश्न पोचल्यानंतरचा आहे. फाइल पाच जणांच्या फोनमध्ये राहते, फोन दुरुस्तीला जातो, माणूस नोकरी सोडतो, ग्रुपमध्ये कोण कोण आहे ते कुणी तपासत नाही. लग्नपत्रिकेचं प्रूफ खुशाल पाठवा. सभासदांची यादी नको.

ईमेलला आकाराची अडचण आहे. जीमेलची मर्यादा २५ एमबी, आणि जोडलेली फाइल पाठवताना सुमारे एक तृतीयांशाने फुगते, म्हणून प्रत्यक्षात १८ एमबीच्या वर अडखळतं. पेनड्राइव्ह हरवतो आणि शॉर्टकट व्हायरस घेऊन येतो. वापरायचाच असेल तर विंडोजच्या बिटलॉकरने कुलूपबंद करून.

सर्व्हर कार्यालयातच ठेवावा की भाड्याने घ्यावा?

आधी एक तपासा. राउटरच्या पानावर 'वॅन आयपी' दिसतो तो आणि 'माझा आयपी कोणता' असं गूगलवर विचारल्यावर येतो तो, दोन्ही एकच आहेत का? वेगळे असतील, विशेषतः वॅन आयपी १०० आणि पुढे ६४ ते १२७ मधल्या आकड्याने सुरू होत असेल, तर तुमच्या इंटरनेट कंपनीने एकच सार्वजनिक पत्ता अनेक गिऱ्हाइकांत वाटलेला आहे. मग राउटरवर कितीही पोर्ट उघडा, बाहेरून कुणी आत येऊ शकणार नाही. फोरजी-फाइव्हजी डोंगल आणि बऱ्याच घरगुती फायबर जोडण्यांची गत हीच असते. स्थिर आयपी विकत घ्या, नाहीतर सर्व्हर बाहेर भाड्याने घ्या.

आमचा कल भाड्याच्या छोट्या लिनक्स सर्व्हरकडे आहे, भारतातल्या डेटा सेंटरमधल्या. एक गीगाबाइट मेमरी दहा-वीस शाखांच्या रोजच्या फायलींना पुरते, कारण एसएफटीपी हलकं काम आहे. डिस्क तेवढी हिशोबाने घ्या: रोजच्या फायलींची बेरीज गुणिले ९० दिवस, आणि वर निम्मी मोकळी.

कार्यालयात ठेवणार असाल तर खान्देशात दोन गोष्टींचा विचार आधी करा, वीज आणि ऊन. यूपीएसवर सर्व्हरबरोबर राउटर आणि फायबरचा डबाही हवा, नाहीतर सर्व्हर जागा आणि रस्ता बंद. आणि भुसावळ-जळगावात मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना, पत्र्याखालच्या बंद खोलीतल्या लाकडी कपाटात रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर ठेवलात तर ८० अंशांना तो स्वतःचा वेग कमी करतो. फाइल रेंगाळते आणि दोष नेटला जातो. पंखा लावा, कपाटाचं दार काढा आणि मेमरी कार्डाऐवजी एसएसडी वापरा. सतत लिहून लिहून कार्ड दगा देतात.

सर्व्हरवर नेमकं काय काय करायचं?

उबंटू किंवा डेबियन हे लिनक्सचे प्रकार धरून सांगतो. ओपनएसएसएच हा एसएसएचचा सर्व्हर बहुतेक वेळा आधीच बसवलेला असतो.

फक्त फाइल पाठवणाऱ्यांसाठी एक वेगळा गट बनवा आणि प्रत्येक शाखेला किंवा पार्टीला स्वतःचं खातं द्या. सगळ्यांना एकच खातं देण्याचा मोह टाळा. उद्या एकाला बंद करायचं झालं तर सगळेच बंद होतील. खात्याला शेल (सर्व्हरवर आज्ञा चालवण्याची सोय) देऊ नका.

एसएसएच सर्व्हरच्या कॉन्फिग फाइलमध्ये, शेवटी, त्या गटासाठी 'मॅच ग्रुप'चा भाग लिहा. त्यात तीन गोष्टी हव्यात: 'क्रूट डिरेक्टरी'ने त्या माणसाला त्याच्याच फोल्डरात कोंडणं, 'फोर्स कमांड'ला 'इंटर्नल-एसएफटीपी' देणं, आणि टीसीपी फॉरवर्डिंग (सर्व्हरमधून पुढे दुसरीकडे जाण्याची वाट) बंद करणं.

आता जिथे दहापैकी आठ जण अडकतात ती जागा. कोंडलेलं फोल्डर आणि त्याच्या वरची सगळी फोल्डरं रूटच्याच (सर्व्हरच्या मुख्य खात्याच्याच) मालकीची असावी लागतात आणि इतर कुणाला तिथे लिहिण्याची परवानगी नसावी, म्हणजे ७५५. मालकी त्या माणसाला दिलीत तर पासवर्ड-किल्ली (किल्ली म्हणजे पासवर्डऐवजी चालणारी फाइल, ती पुढच्या प्रश्नात) सगळं बरोबर असूनही जोडणी क्षणात तुटते. मग फाइल ठेवायची कुठे? आत दोन फोल्डरं करा, बाजार समितीच्या वहीसारखी: 'आवक' आणि 'जावक'. 'आवक'ची मालकी शाखेची, तिथे तिने लिहायचं. 'जावक' तिला फक्त वाचता येईल असं. फोल्डरांची नावं रोमन अक्षरांत ठेवा, स्क्रिप्ट लिहिताना सोपं पडतं.

किल्ल्या सगळ्यांच्या चालू झाल्या की पासवर्डने प्रवेश 'नो' करा, रूटचा थेट प्रवेशही 'नो'. कॉन्फिग बदलल्यावर सेवा पुन्हा सुरू करण्याआधी एसएसएच सर्व्हरचीच तपासणीची आज्ञा चालवा, आणि उघडी असलेली खिडकी बंद न करता दुसरी उघडून लॉगिन होतंय का पाहा. एक स्वल्पविराम चुकला तर स्वतःच बाहेर राहाल. शेवटी चुकीचे लॉगिन करत राहणाऱ्या पत्त्यांना रोखणारं फेलटूबॅन बसवा आणि सुरक्षा अपडेट आपोआप येतील असं करा.

सर्व्हर विंडोजच हवा असेल तर सेटिंग्जमधल्या 'ऑप्शनल फीचर्स'मधून ओपनएसएसएच सर्व्हर घ्या आणि सर्व्हिसेसमध्ये त्याला 'ऑटोमॅटिक' करा. तिथली खोच अशी की ॲडमिनिस्ट्रेटर गटातल्या माणसाची सार्वजनिक किल्ली त्याच्या घरच्या फोल्डरात ठेवून चालत नाही. ती 'प्रोग्रामडेटा'मधल्या एसएसएच फोल्डरात, ॲडमिनिस्ट्रेटरांसाठीच्या वेगळ्या फाइलमध्ये जाते. हे माहीत नसलं तर दिवस वाया जातो.

शाखेतल्या कर्मचाऱ्याच्या विंडोज कॉम्प्युटरवर किल्ली कशी बनवायची?

विंडोजच्या फाइल एक्सप्लोररला एसएफटीपी येत नाही, म्हणून विनएससीपी हा प्रोग्राम बसवा. फुकट आहे.

१. लॉगिनच्या खिडकीतल्या 'टूल्स'मधून किल्ली बनवणारं पुटीजेन उघडा. प्रकार 'एडडीएसए' निवडा, ईडी२५५१९. समोरचा सर्व्हर फार जुना असेल तरच आरएसए, आणि तो ३०७२ बिटांच्या खाली नको.

२. 'जनरेट' दाबून माउस फिरवा. मग किल्लीला पासफ्रेज (किल्लीचा स्वतःचा पासवर्ड) द्या.

३. 'सेव्ह प्रायव्हेट की' करून खाजगी किल्ली त्याच कॉम्प्युटरवर ठेवा. ही कुणालाही, सर्व्हर सांभाळणाऱ्यालासुद्धा, पाठवायची नाही.

४. वरच्या चौकटीत दिसणारी एक लांब ओळ पूर्ण निवडून कॉपी करा आणि ती सर्व्हर सांभाळणाऱ्याला पाठवा. हे कुलूप, म्हणजे सार्वजनिक किल्ली आहे, ते उघड्यावर गेलं तरी चालतं. 'सेव्ह पब्लिक की' बटण दाबून मिळालेली फाइल पाठवू नका; ती अनेक ओळींच्या वेगळ्या साच्यात असते आणि सर्व्हरला जशीच्या तशी कळत नाही.

५. लॉगिनमध्ये 'ॲडव्हान्स्ड', मग 'एसएसएच', मग 'ऑथेंटिकेशन' इथे खाजगी किल्लीची फाइल दाखवा.

किल्ली माणसागणिक आणि कॉम्प्युटरगणिक वेगळी हवी. एकच किल्ली चार शाखांत पेनड्राइव्हने वाटली की ती किल्ली राहत नाही.

पहिल्यांदा जोडताना 'अनोळखी सर्व्हर' असं विचारतो. 'यस' दाबायचं ना?

दाबायचं, पण जुळवून. एसएचए२५६ ने सुरू होणारी जी अक्षरं दिसतात तो सर्व्हरचा अंगठा. सर्व्हर सांभाळणाऱ्याने तो आधीच कागदावर छापून द्यावा, किंवा फोनवर पहिली आणि शेवटची आठ अक्षरं वाचून जुळवावीत. यासाठी एक मिनिट पुरतं. पुढे कधी 'अंगठा बदलला आहे' अशी सूचना आली तर थांबा आणि फोन करा. सर्व्हर नव्याने बसवला असेल तर ठीक. नसेल तर मध्ये कुणीतरी बसलेलं असू शकतं.

जोडणी होत नाही. कुठून सुरुवात करू?

संदेश काय आला ते शब्द न बदलता लिहून घ्या, त्यातच अर्धं उत्तर असतं.

'टाइम्ड आउट': निरोप पोचलाच नाही. पत्ता चुकला, फायरवॉल आडवा आला किंवा वर सांगितलेला वाटलेला आयपी. मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून करून पाहा. तिथून झालं तर दोष तुमच्या कार्यालयाच्या जाळ्यात. 'रिफ्यूज्ड': पोचला, पण त्या पोर्टवर कुणी ऐकत नाही, म्हणजे सेवा बंद किंवा पोर्ट चुकीचं. 'सर्व्हर रिफ्यूज्ड अवर की': कुलपाची ओळ अर्धवट चिकटवली गेली, चुकीच्या खात्यात गेली किंवा परवानग्या सैल आहेत. लिनक्सवर एसएसएचच्या फोल्डरला ७०० आणि किल्ल्यांच्या फाइलला ६०० हवं. लॉगिन होऊन लगेच तुटलं: क्रूटची मालकी तपासा. फाइल चढवताना 'परमिशन डिनाइड': माणूस 'आवक'मध्ये न जाता बाहेरच टाकू पाहतोय.

जुन्या कॉम्प्युटरवर अचानक बंद पडलं आणि संदेशात 'एसएसएच-आरएसए' असं दिसलं, तर सर्व्हर अपडेट झाला आहे. २०२१ च्या ओपनएसएसएच ८.८ पासून एसएचए-१ वरच्या सह्या नाकारल्या जातात. सर्व्हरवर जुनी पद्धत परत चालू करण्यापेक्षा शाखेतलं विनएससीपी नवीन करा.

धडगाव-अक्कलकुव्याकडे नेट सारखं तुटतं. मोठी फाइल जाणार कशी?

आधी हिशोब करा, मग अपेक्षा ठेवा. फाइल बाहेर पाठवताना 'अपलोड'चा वेग मोजायचा, जाहिरातीतला डाउनलोडचा नाही. १० जीबीची फाइल आणि २० एमबीपीएस अपलोड: ८०,००० मेगाबिट भागिले २०, म्हणजे ४,००० सेकंद, सव्वा तासाच्या आत. वेग २ एमबीपीएस असेल तर अकरा तास. अकरा तास नेट तुटणार नाही असं गृहीत धरू नका.

विनएससीपी १०० केबीच्या वरची फाइल चढवताना तिला तात्पुरतं नाव देतं आणि पूर्ण झाल्यावर खरं नाव देतं. तुटली तर तिथूनच पुढे सुरू करता येतं. याचा दुसरा फायदा जास्त मोलाचा: मुख्य कार्यालयातलं सॉफ्टवेअर अर्धवट फाइल उचलत नाही. एफटीपीच्या काळात दिवसाच्या बेरजा न जुळण्याचं हे एक मोठं कारण असायचं. 'कीपअलाइव्ह' ३० सेकंदांवर ठेवा, म्हणजे मध्ये शांतता झाली म्हणून राउटर जोडणी तोडणार नाही.

रोज तीच मोठी फाइल थोडी बदलून जात असेल, तर एसएसएचवरून आरसिंक वापरा. ते फक्त बदललेला भाग पाठवतं. यासाठी त्या खात्याला इंटर्नल-एसएफटीपीच्या कोंडीतून बाहेर काढून वेगळी बंधनं घालावी लागतात. आणि फाइल झिप केलेली असेल तर फायदा जवळजवळ शून्य, कारण एक ओळ बदलली तरी झिपचा पुढचा सगळा भाग बदलतो.

पोचलेली फाइल तीच आहे का हे पाहायला दोन्हीकडे एसएचए-२५६ हा हॅश (फाइलच्या मजकुरावरून निघणारा ठसा) काढा. विंडोजमध्ये पॉवरशेलच्या 'गेट-फाइलहॅश'ने निघतो.

फाइल रात्री आपोआप जावी, असं करता येईल?

येईल. विनएससीपीत एकदा हाताने फाइल पाठवा आणि 'जनरेट सेशन यूआरएल/कोड' मधून स्क्रिप्ट घ्या, ती टास्क शेड्युलरला द्या. स्क्रिप्टमध्ये सर्व्हरचा अंगठा लिहिलेला असू द्या. 'कुठलाही चालेल' असा चांदणीचा (*) पर्याय लिहिला की वरची सगळी मेहनत पाण्यात. रात्री पासफ्रेज टाकायला माणूस नसतो, म्हणून या कामाची किल्ली वेगळी, बिनपासफ्रेजची, आणि ती फक्त एका 'आवक' फोल्डरापुरती. शेड्युलरमध्ये 'यूझर लॉगिन असो वा नसो' हा पर्याय निवडायला विसरू नका. दिवसा चालतं आणि रात्री चालत नाही याचं नेहमीचं कारण ते.

स्क्रिप्ट अपयशी झाली तर कुणाला तरी ईमेल गेला पाहिजे. मूक अपयश महिनाअखेरीला उघडं पडतं.

आमच्या झेरॉक्स मशीनला एफटीपीच येतं. नवीन घ्यायला पैसे नाहीत.

मशीन ठेवा, त्याचा रस्ता आखूड करा. त्याच खोलीतला एखादा जुना कॉम्प्युटर मधला दलाल करा: मशीन त्याला एफटीपीने देईल, तो दर पाच मिनिटांनी एसएफटीपीने पुढे पाठवून आपल्याकडची पुसेल. मशीन आणि तो कॉम्प्युटर वेगळ्या राउटरवर किंवा व्हीलॅनवर (जाळ्याच्या वेगळ्या कप्प्यात) असावेत आणि मशीनला इंटरनेट बंद. भुईकाटा आणि डीव्हीआरलाही हेच लागू.

वेब होस्टिंगवाल्याने फक्त एफटीपी दिलंय.

पॅनेलमध्ये 'एसएसएच ॲक्सेस' शोधा, अनेकदा असतं पण चालू केलेलं नसतं. नसेल तर फाइलझिलात 'रिक्वायर एक्स्प्लिसिट एफटीपी ओव्हर टीएलएस' निवडा. 'इफ अव्हेलेबल'वर समाधान मानू नका, ते गुपचूप उघड्या एफटीपीवर उतरू शकतं. फाइलझिलात मास्टर पासवर्डही लावा. तो नसेल तर साठवलेले पासवर्ड डिस्कवर सहज वाचता येतील अशा रूपात पडून असतात.

मराठी नावांच्या फायली पोचल्यावर चौकोन किंवा प्रश्नचिन्हं दिसतात.

एफटीपीत नावाची लिपी कोणत्या सांकेतिक पद्धतीत आहे हे दोन्ही बाजूंनी नीट ठरलेलं नसायचं. एसएफटीपीत आजचे सर्व्हर आणि विनएससीपी यूटीएफ-८ वापरतात, त्यामुळे 'ठराव-मार्च.पीडीएफ' तसंच पोचतं. मात्र फाइलच्या आतला मजकूर जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमधला असेल, तर तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर तो गिचमिडच दिसेल. त्याचा पाठवण्याशी संबंध नाही.

एफटीपीत 'आस्की' पद्धतीने गेलेली झिप किंवा पीडीएफ खराब व्हायची, कारण ओळींच्या शेवटची चिन्हं बदलली जायची. विनएससीपीत पद्धत 'बायनरी' ठेवा, तो त्रास संपतो.

समोरची पार्टी बदलायला तयारच नाही.

तोवर फाइल सेव्हन-झिपने एईएस-२५६ हे मजबूत कुलूप लावून बंद करा. सेव्हन-झेड साचा निवडून 'फाइलनेम एन्क्रिप्ट' वर खूण करा; साध्या झिपमध्ये आतल्या फायलींची नावं उघडी दिसतात आणि झिपक्रिप्टो नावाचं जुनं कुलूप कमकुवत आहे. पासवर्ड फोनवर सांगा, त्याच ईमेलमध्ये नाही. आणि पार्टीला तारीख द्या. तारीख नसलेली विनंती वर्षभर तशीच राहते.

बदल कधी करावा आणि जुनं कधी बंद करावं?

हंगाम पाहून. पतसंस्था आणि सीए कार्यालयांनी फेब्रुवारी ते एप्रिल हात लावू नये. जिनिंगवाल्यांना कापूस संपल्यावरचा पावसाळा मोकळा. सराफांनी आखाजी, दसरा आणि दिवाळीचे आधीचे पंधरा दिवस सोडावेत. प्रेसवाल्यांनी लग्नसराई आणि निवडणूक.

एका शाखेपासून सुरू करा, शक्यतो जिथला कर्मचारी स्वतःहून विचारतो तिथून. दोन आठवडे दोन्ही मार्गांनी फाइल पाठवा आणि हॅश जुळवा. मग बाकीच्या शाखा, आठवड्याला दोन-तीन.

नवीन मार्ग चालू झाला म्हणजे काम झालं असं समजून बहुतेक जण इथेच थांबतात. जुनं दार उघडंच राहतं, आता त्याकडे लक्षही नसतं, म्हणजे आधीपेक्षा वाईट. म्हणून क्रमाने: एफटीपीचा लॉग सलग १५ दिवस रिकामा दिसू द्या. मग पोर्ट २१ राउटरवर बंद करा, पण सर्व्हर ठेवा. एक महिनाअखेर जाऊ द्या, कारण महिन्यातून एकदाच चालणारी फाइल तेव्हाच ओरडते. ती गेली की एफटीपी सेवा काढून टाका, खाती पुसा, राउटरमधली नोंद पुसा. आणि एफटीपीवरून कधीही गेलेला प्रत्येक पासवर्ड बदला. तोच पासवर्ड ईमेलला किंवा टॅलीला असेल तर तोही. उघड्यावरून गेलेला पासवर्ड फुटलाच असं धरायचं.

कर्मचारी सोडून गेला तर?

त्याच दिवशी सर्व्हरवरची त्याची सार्वजनिक किल्लीची ओळ पुसा. पासवर्ड बदलून सगळ्यांना कळवण्याची गरज नाही, हाच किल्लीचा मोठा फायदा. यासाठी प्रत्येक ओळीच्या शेवटी माणसाचं नाव आणि महिना लिहायची सवय ठेवा.

कायदा काय म्हणतो?

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ठरावीक सायबर घटना कळल्यापासून ६ तासांत कळवायच्या, लॉग १८० दिवस भारतात ठेवायचे आणि घड्याळं एनटीपीने (जाळ्यावरून वेळ जुळवण्याच्या पद्धतीने) जुळवलेली हवीत. लिनक्सवर लॉग बरेचदा चार आठवड्यांत पुसले जातात, म्हणून जुने लॉग पुसणाऱ्या लॉगरोटेटमध्ये तो काळ वाढवा. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये वाजवी सुरक्षा न ठेवल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे.

एसएफटीपी लावलं म्हणजे रॅन्समवेअरपासून (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसपासून) सुटका?

नाही. शाखेचा कॉम्प्युटरच बाधित असेल तर बाधित फाइल सुरक्षितपणे पोचेल. बॅकअप वेगळा हवा, आणि तो सर्व्हरने शाखेकडून ओढून घ्यावा. शाखेला बॅकअपवर पुसण्याचा अधिकार नसावा. एक प्रत कुठल्याही वायरीला न जोडलेल्या डिस्कवर, आणि तीन महिन्यांतून एकदा त्यातून खरोखर फाइल परत काढून पाहा.

अपडेटही सोडू नका. मे २०२३ मध्ये मूव्हइट या फाइल पाठवण्याच्याच महागड्या उत्पादनातल्या एका चुकीतून जगभरच्या संस्थांचा डेटा गेला. जुलै २०२४ मध्ये ओपनएसएसएचमध्येही गंभीर चूक सापडली आणि ९.८ मध्ये ती दुरुस्त झाली. ज्यांचे अपडेट आपोआप येतात त्यांना काही करावं लागलं नाही.

जुना एफटीपीचा कॉम्प्युटर भंगारात देऊ का?

डिस्क काढून द्या. 'क्विक फॉरमॅट'ने डेटा जात नाही, फक्त यादी जाते. फिरत्या डिस्कवर विंडोजच्या 'रीसेट'मधला 'क्लीन द ड्राइव्ह' पर्याय पूर्ण चालू द्या, काही तास लागतात. एसएसडी असेल तर बनवणाऱ्या कंपनीच्या साधनातला 'सिक्युअर इरेज' वापरा. डिस्क बिघडलेली असेल आणि पुसता येत नसेल, तर ड्रिलने तबकडीतून तीन-चार भोकं पाडा. एसएसडीत ती भोकं काळ्या चिपांमधून गेली पाहिजेत.